श्रावणबाळचा पगार: आजीच्या दोन वर्षांच्या अनुभवावरून रिव्ह्यू

आमच्या मामाच्या गावात याला कोणी योजना म्हणत नाही, पगार म्हणतात. "पगार आला का गं?" हे पारावर, पिठाच्या गिरणीत, दवाखान्याच्या रांगेत कुठेही ऐकू येतं, आणि विचारणारी माणसं सत्तरीच्या पुढची असतात. आयुष्यभर रोजानं गेली पण पगार म्हणून कधी काही हातात पडलं नाही अशी. सरकारी नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. वय ६५ च्या पुढे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत, आणि महिन्याला १५०० रुपये. माझ्या आजीला (आईची आई) हा पगार सुरू होऊन दोन वर्षं होऊन गेली. अर्ज मी केला, खेटे मी घातले, बँकेत मीच भांडले, म्हणून बरंवाईट जे बघितलं ते सगळं सविस्तर लिहितेय, कुणाला आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी अर्ज करायचा असेल तर उपयोगी पडेल.

आधी स्टार सांगते. योजनेला पाचपैकी तीन. गावातल्या बँक मित्राला (बँकेच्या वतीने गावातच पैसे काढून देणारा माणूस) पाचपैकी पाच, आणि त्याच्याबद्दल खाली नीट लिहिलंय ते नक्की वाचा. तालुक्याच्या ज्या बँकेत आम्ही खेटे घातले तिला एकसुद्धा द्यावासा वाटत नाही.

गाव बीड जिल्ह्यातलं, म्हणजे अर्ध्या लोकांना लगेच कळलं असेल. दसरा-दिवाळी झाली की मामा-मामी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते त्यामुळे न जाऊन चालतच नाही, आणि परत येतात ते पाडव्याच्या आसपास. तेवढे पाच-सहा महिने घरात आजी आणि मामाची दोन लेकरं. शाळेचा डबा, आंघोळी, ताप आला तर दवाखाना, सगळं आजी. म्हातारीला कोण सांभाळतं असं लोक विचारतात पण आमच्याकडे घर म्हातारीच सांभाळते, आणि गावात अशी घरं एक-दोन नाहीत, दिवाळीनंतर गल्लीत फिरलात तर ओट्यावर म्हातारी माणसं आणि लेकरंच दिसतात.

पगाराच्या आधी कसं होतं ते सांगते. मामा जाताना उचलीतून किराणा भरून जायचा, संक्रांतीपर्यंत डबे खडखडायला लागायचे. रेशन आहे, गहू-तांदूळ मिळतो, २०२३ पासून तर त्याचे पैसेही पडत नाहीत, ती मोठी गोष्ट आहे आणि मी ते मान्यच करते. पण तेल, मिरची, चहापत्ती, साबण रेशनवर येत नाही. आजी म्हणायची, "दाणं हायत गं घरात, पर कोरडं कसं गिळायचं?" मग ती कंबर धरून लोकाच्या रानात कापूस वेचायला जायची, किलोवर पैसे, दिवसभरात तरण्या बायकांच्या निम्मासुद्धा व्हायचा नाही. आणि कमी पडलं की शेजारी हात पसरायचा. तो हात पसरणं तिला कापसापेक्षा जड जायचं, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही पण उसनं मागायला ती दिवस मावळल्यावर जायची, उजेडात नाही.

आता अर्जाचं. २०२२ च्या उन्हाळ्यात कागद गोळा करायला सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी अडकलो. आधार कार्डावर आजीची जन्मतारीख १ जानेवारी १९६१. आमच्या गावात अर्ध्या म्हाताऱ्या माणसांचा जन्म १ जानेवारीचाच आहे, कॅम्पमध्ये अंदाजाने टाकलेलं वर्ष. म्हणजे आधारच्या हिशोबाने आजी ६१ ची, अर्जच बसत नाही. पण १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायच्या कामावर होती आणि थोरला मामा तिच्या कडेवर होता, हे अख्ख्या गावाला माहितीये. आधार खरं मानलं तर ती तेव्हा ११ वर्षांची होती! खिडकीवरच्या माणसाला मी हे सांगितलं, तो म्हणाला दुष्काळ चालत नाही, कागद लागतो. शेवटी सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांचा वयाचा दाखला काढला, त्यावरून आधार दुरुस्त केलं, यात चार महिने गेले. तुम्ही अर्ज करणार असाल तर सगळ्यात आधी आधारवरचं वय बघा, बाकी कागद नंतर.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल मला मनापासून राग आहे. कुटुंबाचं २१,००० म्हणजे महिन्याला १७५०. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे घरातल्या एका माणसाने वर्षात ६८ दिवस सरकारच्याच कामावर हजेरी लावली तर घर या मर्यादेच्या बाहेर. मग दाखल्यावर काय लिहिणार? सगळे २०-२१ हजारच लिहितात, देणाऱ्याला माहिती, घेणाऱ्याला माहिती. सत्तर वर्षं कुणाचं पाच पैशाचं खोटं न केलेल्या बाईला म्हातारपणी अंगठा देऊन खोटं लिहून घ्यायला लावायचं, हे मला अजून पटलेलं नाही. आणि याच राज्यात लाडकी बहीणला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, वय २१ ते ६५. पैसे तेवढेच, १५००. म्हणजे एखाद्या बाईला ६५ पूर्ण झाली की लाडकी बहीण बंद होणार आणि तिने श्रावणबाळला यायचं म्हटलं तर अडीच लाखाची मर्यादा एका दिवसात २१ हजारावर. वय वाढलं तशी ती श्रीमंत झाली का? मामीला लाडकी बहीण मिळते, चांगलंच आहे, तिलाही गरज आहे, माझं म्हणणं एवढंच की म्हाताऱ्या माणसाला तरी तीच फूटपट्टी लावा.

मंजुरीसाठी तालुक्याला समितीची बैठक व्हावी लागते, ती कधी होणार ते कुणी सांगू शकत नव्हतं, त्यात वर्ष गेलं. एक बरं झालं, अर्ज केला तेव्हा रक्कम १००० होती, २०२३ मध्ये १५०० झाली, आणि त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर आजीचं नाव यादीत आलं. (यात केंद्राचा वाटा काही लाभार्थ्यांमागे महिन्याला २०० रुपये असतो, ८० च्या पुढे ५००. तो २०० चा आकडा २००६-०७ पासून जिथल्या तिथे आहे. तेव्हा २०० रुपयांत काय यायचं आणि आता काय येतं ते तुम्हीच बघा.)

आता मुख्य मुद्दा, पैशाने काय फरक पडला. १५०० मध्ये म्हातारपण निघत नाही, हे आधी कबूल करते. पण मला वाटलं होतं त्यापेक्षा फरक फार मोठा पडला आणि तो वेगळ्याच जागी पडला.

पहिली गोष्ट म्हणजे उधारी. आधी दुकानदार आजीला उधार द्यायला कां कूं करायचा, मामा आला की बघू म्हणायचा. पगार सुरू झाल्यावर त्याने वहीत आजीच्या नावाचं वेगळं पान काढलं. मामाचं नाव नाही, तिचं स्वतःचं. हे सांगताना आजीच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. आता ती दिवसाढवळ्या दुकानात जाते, तेल पावकिलोऐवजी अर्धा किलो मागते, आणि "ल्ही माझ्या पानावर" म्हणते.

दुसरं, कापूस वेचणं बंद. कुणी बंद कर म्हटलं नाही, तिचं तिनेच केलं. मागच्या वर्षी फक्त एका ओळखीच्या घरी शेंगा फोडायला बसून गेली, ते पण गप्पांसाठी.

तिसरं बीपीच्या गोळ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मिळतात पण एका वेळी आठ-दहा दिवसांच्याच देतात आणि केंद्र सहा किलोमीटरवर, रिक्षाला जाऊन-येऊन साठ रुपये, मग ती जायचीच नाही. आता बँक मित्राच्या शेजारी मेडिकल आहे, पैसे काढले की तिथूनच महिन्याच्या गोळ्या घेते, स्वस्तवाल्या. डोकं गरगरतं ही तक्रार जवळपास गेली.

आणि चौथं म्हणजे नात. मामाची मुलगी सातवीत आहे. तिच्यासाठी वह्या, एकदा चपला, मागच्या पावसाळ्यात छत्री, सगळं आजीच्या पगारातून. नातवाला पण आणते, पण नातीचं आधी. मी विचारलं तर म्हणाली, "त्याला त्याचा बाप आणील, हिला कोण आणतंय?" दक्षिण आफ्रिकेत याच्यावर अभ्यास झालेला आहे, एस्थर डुफ्लो यांचा, ज्यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिकडे म्हाताऱ्या माणसांची पेन्शन वाढली तेव्हा त्यांनी घरातल्या लेकरांची वजनं-उंची तपासली, तर पेन्शन आजीच्या हातात पडत होती त्या घरातल्या मुली सुधारलेल्या दिसल्या, आजोबाच्या हातात पडली तिथे तसं दिसलं नाही. मला हे वाचून नवल वाटलं नाही, आमच्या ओट्यावर तेच चाललंय.

सगळ्याच घरी असं गोड आहे असं नाही. वरच्या आळीत एक आजोबा आहेत त्यांचं एटीएम कार्ड मुलाच्या खिशात असतं, पगार झाला की तो आधी तालुक्याला जातो आणि आजोबांना शंभर-दोनशे मिळाले तर मिळाले. तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एटीएम कार्ड काढून देण्याआधी विचार करा. आजीला मी मुद्दाम काढून दिलं नाही, तिचा अंगठा हेच तिचं कार्ड.

आता तीन स्टार का, ते. पैसे कमी आहेत म्हणून मी स्टार कापले नाहीत. तारीख नाही म्हणून कापलेत. हा पगार कधी ५ तारखेला येतो, कधी २५ ला, कधी येतच नाही आणि मग दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. कागदावर हिशोब तोच, तीन महिन्यांचे ४५०० मिळालेच ना. पण म्हाताऱ्या माणसाच्या घरात तो हिशोब तोच राहत नाही. पहिल्या महिन्यात उधारी वाढते, दुसऱ्या महिन्यात दुकानदार तोंड वाकडं करतो, आणि गोळ्या संपतात. एकदा मी न सांगता गावी गेले तर आजी पाटावर गोळी ठेवून ब्लेडने तिचे दोन तुकडे करत होती, अर्धी आज, अर्धी उद्या. एक तुकडा घरंगळून पाटाखाली गेला तर तो हाताने चाचपून शोधला, पुसला आणि डबीत टाकला. मी ओरडले तर म्हणाली पगार यायचाय अजून. त्या दिवशी बीपी मोजलं तर १८० च्या वर. मग तिसऱ्या महिन्यात ४५०० आले, त्यातले दोन हजार उधारीत गेले, आणि शरीराचं जे नुकसान झालं ते काही मागच्या तारखेने भरून निघत नाही. मला कुणी विचारलं की रक्कम वाढवू का तारीख पक्की करू, तर मी म्हणेन आधी तारीख. मग रक्कमही वाढवा, वाढवायलाच पाहिजे.

डीबीटीचा किस्सा. २०२४ संपता संपता पैसे थेट आधार लिंक असलेल्या खात्यात टाकायला सुरुवात झाली. कल्पना चांगली आहे, मधले टप्पे कमी झाले. पण आजीचा पगार बंद झाला. ऑफिसात गेलं की म्हणायचे आमच्याकडून गेलेत, बँकेत गेलं की म्हणायचे आमच्याकडे आले नाहीत. दोघंही खरं बोलत होते हे तीन महिन्यांनी कळलं. जनधन सुरू झालं तेव्हा कुठल्यातरी कॅम्पमध्ये आजीचं दुसऱ्या बँकेत खातं उघडलेलं होतं, ती विसरून गेली होती, आधार त्याला लिंक होतं आणि पैसे तिकडे जाऊन बसले होते. हे शोधायचा सोपा मार्ग आहे, आधारच्या साइटवर लॉगिन केलं की बँक सीडिंग स्टेटस दिसतं, कुठली बँक लिंक आहे ते नावानिशी येतं. ओटीपी लागतो फक्त. आजीच्या आधारला नंबर मामाचा, मामा कारखान्यावर उसाच्या फडात, मोळ्या बांधता बांधता त्याने फोनवर ओटीपी सांगितला, तिसऱ्या वेळी जमलं कारण आधीचे दोन वेळेत पोचलेच नाहीत. कृपा करून नंबर घरात राहणाऱ्या माणसाचा लिंक करा.

मग ते जुनं खातं वर्षानुवर्षं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं, पैसे जमा झालेले दिसतात पण काढता येत नाहीत, केवायसी करा म्हणाले. त्यासाठी आजीला घेऊन चार वेळा तालुक्याला. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून ते तरी परवडलं. पहिल्या दिवशी फॉर्म संपले, दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत, तिसऱ्या दिवशी फोटो जुना आहे. खुर्च्या सगळ्या भरलेल्या, आजी भिंतीला टेकून फरशीवर बसली दोन तास, आणि काउंटरवरचा माणूस तिच्याशी बोलायचंच टाळत होता, जे काय बोलायचं ते माझ्याकडे बघून. "यांचं केवायसी राहिलंय." अहो त्या समोर बसल्यात, त्यांना सांगा ना! पैसे तिचे आहेत, तुम्ही खिशातून देत नाही. चौथ्या दिवशी मी लेखी द्या म्हटल्यावर दहा मिनिटांत काम झालं. शेजारच्या आबांचं तर त्याहून वाईट, पीककर्ज थकलं म्हणून त्यांचं खातंच होल्डवर टाकलं, पगार येतो आणि आत अडकतो. योजनेचे पैसे कर्जात वळते करू नका असं बँकांना वरून सांगितलेलं असतं, तरी होतं. तुमच्याकडे असं झालं तर तहसीलदारांच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून काही होत नाही. आबांचं त्यानेच सुटलं.

आता बँक मित्र. गावातलाच तरणा पोरगा, पत्र्याची दहा बाय दहाची खोली, एक टेबल, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन. पण त्याने दारात बाकडं टाकलंय, माठ ठेवलाय, आणि पगार झाला की म्हाताऱ्या माणसांना सकाळी आठला बोलावतो, ऊन चढायच्या आत. आजीचा अंगठा उठत नाही. साठ वर्षं खुरपं, विळा, खडी आणि शेण, रेषा राहिल्याच नाहीत. इतर ठिकाणी दोनदा लाल लाइट आला की "उद्या या". हा पोरगा आधी ओल्या फडक्याने तिचं बोट पुसतो, कोरडं करतो, जरासं व्हॅसलिन लावतो, पुन्हा पुसतो, आणि स्वतःच्या हाताने तिचं बोट काचेवर हळू दाबून धरतो. अंगठा नाही तर तर्जनी, ती नाही तर मधलं बोट. आजीचं डाव्या हाताचं मधलं बोट उठतं, हे त्याने वहीत लिहून ठेवलंय. असं प्रत्येकाचं लिहून ठेवलंय त्याने. हिरवा लाइट लागला की आजी श्वास सोडते, मी बघितलंय ते.

मग तो मोठ्याने सांगतो, आजी खात्यात एवढे होते, एवढे काढले, एवढे राहिले. नोटा तिच्या हातात मोजून देतो, सोबत आलेल्याच्या हातात नाही, मुलगा असला तरी नाही. वरच्या आळीतल्या त्या मुलाशी याच्यावरून त्याचं एकदा भांडण झालं तरी त्याने नियम मोडला नाही. पावती देतो. पैसे कापत नाही. शेजारच्या गावात काढायला गेलं तर हजारामागे पन्नास कापतात आणि पावती मागितली की मशीनचा कागद संपलाय म्हणतात, म्हणून तिकडची म्हातारी माणसं चालत इकडे येतात. या पोराला दर व्यवहारामागे मिळणारं कमिशन फार थोडं आहे, त्याचंही कुणीतरी बघायला पाहिजे, कारण सरकारची ही सगळी योजना शेवटी त्या टेबलावर, त्या फडक्यावर येऊन पोचते.

हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, विसरू नका, विसरलात तर गुपचूप नाव थांबतं आणि कळतं तीन महिन्यांनी. आमचा या वर्षीचा झालाय.

हे लिहितेय तेव्हा महिन्याची १९ तारीख आहे. दुकानाच्या वहीत आजीच्या पानावर ६४० रुपये झालेत, गोळ्या सहा दिवसांच्या उरल्यात, पगाराचा मेसेज अजून नाही. नात रोज शाळेतून आली की आधी मामाच्या जुन्या मोबाईलमध्ये मेसेज बघते आणि मग दप्तर ठेवते.